मोतीबिंदू पिकण्याची प्रतीक्षा : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील वृद्धांच्या नेत्रोपचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वार्धक्यात दृष्टी मंदावणे ही मानवी जीवनातील सनातन घटना होय. तथापि मंदावलेल्या दृष्टीवर उपाय केव्हा करावा, कोठे करावा आणि कोणी करावा, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कालखंडात बदलत गेली आहेत. मराठी घरांत आजही वृद्धांच्या डोळ्यांविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : 'मोतीबिंदू अजून पिकला नाही.' या वाक्याकडे सुशिक्षित वर्ग सामान्यतः अडाणी समजूत म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ही समजूत नसून तो एके काळचा वैद्यकीय सल्ला आहे. शस्त्रक्रियेचे तंत्र बदलले, सल्ला मात्र समाजाच्या स्मरणात जसाच्या तसा राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विवेचनासाठी पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर निवडण्यास कारण आहे. मासेमारी, मिठागरे, भातशेती व चिकूच्या वाड्या यांवर जगणारी किनारपट्टी, जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी प्रदेश आणि देशातील पहिले अणुविद्युत केंद्र व औद्योगिक वसाहत हे सारे येथे एकाच जिल्ह्यात नांदते. नेत्रोपचाराच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक टप्प्याचे पडसाद या भूभागात शोधता येतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मोतीबिंदू 'पिकण्याच्या' कल्पनेचे ऐतिहासिक मूळ शोधणे.
२. स्वातंत्र्योत्तर काळात शिबिराकडून रुग्णालयाकडे झालेल्या स्थित्यंतराचा अर्थ लावणे.
३. मोतीबिंदूखेरीज वार्धक्यातील अन्य नेत्रविकारांकडे झालेल्या दुर्लक्षाची कारणमीमांसा करणे.

संज्ञा आणि संकल्पना

डोळ्यातील मूळचे पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होते, यालाच मोतीबिंदू म्हणतात. ही संज्ञाच अर्थपूर्ण आहे. भिंग पूर्णपणे पांढरे झाल्यावर बाहुलीत मोत्यासारखा ठिपका दिसतो, त्यावरून हे नाव पडले. म्हणजेच भाषेने या विकाराचे नामकरण त्याच्या अखेरच्या अवस्थेवरून केले. त्यापूर्वीची काही वर्षे, ज्यांत रुग्णाला धुरकट दिसते, दिव्याभोवती तेजोवलय भासते, परंतु पाहणाऱ्याला डोळ्यात काहीच दिसत नाही, ती या नावात सामावत नाहीत.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन असून लिंगनाशावरील शस्त्रकर्मही सांगितले आहे. शलाकेने डोळ्यात छिद्र पाडून गढूळ भाग बाहुलीच्या मार्गातून बाजूला सारणे, असे त्याचे स्वरूप होते. भिंग बाहेर काढले जात नसे, ते केवळ डोळ्याच्या आत खाली ढकलले जाई. हे कर्म पुढे अनेक शतके फिरत्या शल्यकर्मींच्या हाती राहिले. मद्रासच्या शासकीय नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१० च्या दशकाच्या उत्तरार्धात या पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिच्यामुळे गमावलेल्या डोळ्यांची मीमांसा केली होती. शलाकेने सारता येण्यासाठी भिंग घट्ट व पक्व असणे आवश्यक होते. पिकण्याच्या कल्पनेचा पहिला आधार येथे सापडतो.

युरोपात १७४७ मध्ये जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत सुरू केली. तिच्यातही पक्वतेचे महत्त्व कमी झाले नाही. अपक्व मोतीबिंदू काढताना भिंगाचे चिकट अवशेष आत राहत, डोळा सुजे आणि पुन्हा पडदा धरे. पिकलेला मोतीबिंदू मात्र बहुधा स्वच्छ निघे. म्हणून 'पिकल्यावर या' असे सांगणारा शल्यविशारद त्या काळच्या शास्त्रानुसार योग्यच सांगत होता.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आजचा पालघर तालुका 'माहीम' या नावाने आढळतो. केळवे-माहीम हे त्याचे मुख्य ठिकाण होते. जव्हार हे स्वतंत्र संस्थान असून ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १८६४ मध्ये मुंबई-गुजरात लोहमार्ग पूर्ण झाल्यामुळे किनाऱ्यालगतच्या गावांना मुंबईची वाट खुली झाली. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज व जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय सुरू झाले होते. त्याच परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून स्वतंत्र नेत्ररुग्णालय उभे राहिले. माहीम तालुक्यातील सधन वृद्धाला आगगाडीने तेथे पोहोचणे शक्य होते. जव्हारच्या डोंगरातील वृद्धाला मात्र आगगाडी गाठण्यासाठीच घाट उतरून मोठी पायपीट करावी लागे. उपचार आणि रुग्ण यांमधील अंतर हा या प्रदेशाच्या नेत्रोपचाराचा स्थायी प्रश्न असून तो या काळापासून स्पष्ट दिसतो.

या काळातील अंधांची संख्या जाणून घेण्यासाठी जनगणना हे साधन उपलब्ध आहे. १८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांत अंधांची नोंद घेतली जात असे. १९४१ मध्ये ती बंद झाली. अपंगत्वाची गणना पुन्हा १९८१ मध्ये आणि त्यानंतर २००१ व २०११ मध्ये झाली. वसाहतकालीन नोंदी प्रगणकाच्या नजरेवर अवलंबून होत्या. ज्या वृद्धाला अंगणातील माणूस ओळखता येत नाही, परंतु चुलीपर्यंत जाता येते, त्याची नोंद 'अंध' म्हणून होण्याचा संभव अल्प होता. १९४१-५१ च्या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, हेही विसरून चालणार नाही. मोतीबिंदूचे आजचे मोठे प्रमाण हे काही अंशी वाढलेल्या आयुर्मानाचे फलित आहे.

शिबिरांचा कालखंड

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जालंधर येथील हेन्री स्मिथ यांनी आवरणासह संपूर्ण भिंग बाहेर काढण्याच्या पद्धतीला जागतिक प्रसिद्धी मिळवून दिली. हे तंत्र वेगवान होते व त्यास यंत्रसामग्रीही फारशी लागत नसे. त्याच्या बळावर पंजाबात मोगा येथे डॉ. मथुरादास यांनी सामुदायिक नेत्रशस्त्रक्रियांची परंपरा रुजविली. मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात १९१६ साली जन्मलेले डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी गावोगावी शिबिरे भरवून ही परंपरा सर्वतोमुखी केली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी केलेल्या आवाहनानंतर लायन्स क्लबने अंधत्वनिवारण हे आपले कार्य मानले आणि स्वातंत्र्योत्तर काळात लायन्स, रोटरी व स्थानिक दानशूर मंडळी हे नेत्रशिबिरांचे आधारस्तंभ ठरले.

शाळेची इमारत, धर्मशाळा किंवा मांडव, जमिनीवर ओळीने निजलेले वृद्ध, डोळ्यांवर पट्ट्या आणि सेवेस उभे राहिलेले स्वयंसेवक हे त्या काळाचे दृश्य महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. त्या वेळी जखमेला मोठा छेद घ्यावा लागत असल्याने रुग्णाला अनेक दिवस हालचाल न करता पडून राहावे लागे. शेतीची कामे उरकल्यावर, हिवाळ्यात शिबिरे भरत. 'मोतीबिंदू थंडीतच काढावा' ही समजूतही याच व्यवस्थेतून उद्भवली असावी.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात भिंग उरत नसे. त्याची उणीव सुमारे दहा अंकाच्या जाड भिंगाच्या चष्म्याने भरून काढावी लागे. लोकांनी त्यास 'सोडावॉटरचा चष्मा' म्हटले. या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत आणि कडेचे दिसत नसे. एका डोळ्याने चांगले दिसत असताना दुसऱ्याची शस्त्रक्रिया केली, तर दोन डोळ्यांतील प्रतिमांचा मेळ बसत नसे. चष्मा फुटला की मनुष्य पुन्हा जवळजवळ अंध होई. अशा परिस्थितीत दृष्टी बरीचशी जाईपर्यंत थांबणे हेच रुग्णाच्या हिताचे होते. पिकण्याच्या कल्पनेला मिळालेला हा दुसरा आधार होय. आजच्या वृद्धांनी आपल्या आईवडिलांना या चष्म्यासह पाहिले आहे. शस्त्रक्रियेविषयी त्यांच्या मनात असलेल्या धास्तीमागे प्रत्यक्ष कौटुंबिक स्मृती आहे, ही बाब ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

शासकीय पातळीवर १९६३ मध्ये खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम अस्तित्वात आला. जिल्हा रुग्णालयांत नेत्रविभाग, फिरती पथके आणि नेत्रचिकित्सा सहायक ही रचना त्यातूनच साकारली.

कृत्रिम भिंग : तंत्रातील स्थित्यंतर

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडन येथील सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी मानवी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या छताचे विशिष्ट प्लॅस्टिकचे कण डोळ्याला फारसे बाधत नाहीत, या निरीक्षणावर त्यांचा प्रयोग आधारलेला होता. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनितरंगांनी भिंग फोडून शोषून घेण्याची, 'फेको' या नावाने परिचित असलेली पद्धत प्रचारात आणली. सामान्य भारतीय रुग्णाच्या दृष्टीने मात्र निर्णायक घटना घडली ती १९९२ मध्ये. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न 'ऑरोलॅब'ने कृत्रिम भिंगाचे उत्पादन सुरू केले आणि आयात भिंगाच्या किमतीच्या अल्पांशात ते उपलब्ध झाले.

१९९४-९५ ते २००१-०२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प राबविण्यात आला. त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या प्रकल्पात सुमारे दीड कोटी शस्त्रक्रिया झाल्या. परंतु संख्येपेक्षाही महत्त्वाचा बदल गुणात्मक होता. कृत्रिम भिंग बसविणे हा नियम झाला आणि मांडवातील शस्त्रक्रिया क्रमशः बंद होऊन शिबिरात केवळ तपासणी व शस्त्रक्रिया मात्र सुसज्ज रुग्णालयात, अशी पद्धत रूढ झाली. डोळ्यात वस्तू बसवायची तर निर्जंतुकता, सूक्ष्मदर्शक व भिंगाच्या अंकाचे मोजमाप अपरिहार्य होते.

या तंत्राने पिकण्याच्या कल्पनेचे दोन्ही आधार काढून घेतले. भिंगाचे अवशेष स्वच्छ करता येऊ लागले आणि जाड चष्म्याची गरज उरली नाही. इतकेच नव्हे, तर सल्ला उलटला. अतिपक्व भिंग कठीण होते, ते फोडणे अवघड जाते आणि गुंतागुंतीचा संभव वाढतो. काही वेळा पिकून फुगलेल्या किंवा पाझरणाऱ्या भिंगामुळे डोळ्यातील दाब एकाएकी वाढून तीव्र वेदना होतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करावा, हा आजचा निकष आहे. वैद्यकाने एका पिढीत आपले मत बदलले, परंतु जुना सल्ला जितक्या आग्रहाने दिला होता, तितक्या आग्रहाने तो मागे घेतला नाही.

अंतराचा प्रश्न आणि पालघर

नव्या पद्धतीने शस्त्रक्रिया सुरक्षित केली, परंतु प्रवासाचा भार बदलला. पूर्वी वैद्य गावात येत असे, आता वृद्धाने रुग्णालयात जावयाचे होते. अविभाजित ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते आणि २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येचा हा देशातील सर्वांत मोठा जिल्हा होता. त्याचे जिल्हा रुग्णालय दक्षिण टोकाकडील ठाणे शहरात होते. पालघर-बोईसरच्या रुग्णाला आगगाडीने दादर गाठून तेथे मध्य रेल्वेची गाडी धरावी लागे. एका डोळ्याने अंधुक पाहणाऱ्या सत्तरीतील स्त्रीला हा प्रवास सोबतीशिवाय अशक्य होता आणि सोबतीला येणाऱ्याचा रोज बुडत असे. शस्त्रक्रिया विनामूल्य असली तरी तिच्यापर्यंत पोहोचणे विनामूल्य नव्हते. दक्षिण आशियात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा लाभ स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मिळतो, हे अनेक सर्वेक्षणांतून दिसून आले आहे. त्यामागे सोबत व पैसा यांवरील परावलंबन हे प्रमुख कारण आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा निर्माण झाला. त्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. जिल्हा झाल्याने प्रशासकीय अंतर कमी झाले. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्याने लोहमार्गालगतच्या गावांचा मुंबईशी संबंधही सुकर झाला होता. परंतु घाटावरील गावांसाठी लोहमार्गापर्यंतचे अंतर शिल्लकच राहिले. मांडव व रुग्णालय यांमधील मध्यममार्गही अशक्य नाही. १९९१ मध्ये मुंबईहून निघालेल्या 'लाइफलाइन एक्स्प्रेस' या रुग्णालय-गाडीने शस्त्रक्रियागृहच रुग्णांपर्यंत नेले. जे. जे. रुग्णालयाच्या डॉ. तात्याराव लहाने यांनी आनंदवनासारख्या ठिकाणी केलेल्या नेत्रशस्त्रक्रियाही अनुभवी शल्यविशारद रुग्णाकडे जाऊ शकतो, याची साक्ष देतात.

बोईसर-तारापूरचे चित्र काहीसे निराळे आहे. १९६९ मध्ये तारापूर अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले आणि त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. त्या काळात येथे आलेले तरुण कामगार आज वृद्ध झाले आहेत. कायम नोकरीतील निवृत्तांना वैद्यकीय योजनांचा आधार मिळतो. कंत्राटी कामगाराचे वार्धक्य मात्र त्याच्या कुटुंबाच्या ऐपतीवर सोडलेले असते. एकाच स्थानकावर उतरणाऱ्या दोन वृद्धांच्या दृष्टीचे भवितव्य त्यांच्या नोकरीच्या स्वरूपावरून ठरावे, ही विषमता विचार करण्याजोगी आहे.

मोतीबिंदूपलीकडे

शासकीय कार्यक्रमांचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजले गेल्यामुळे ज्या विकारांत शस्त्रक्रिया नाही ते मागे पडले. त्यांतील सर्वांत सामान्य म्हणजे 'चाळिशी'. मराठीने वयाचेच नाव चष्म्याला दिले, इतका हा अनुभव सार्वत्रिक आहे. तरीही चाळिशी ही वाचणाऱ्यांची गरज, असा समज दृढ आहे. वस्तुतः सातपाटीचा कोळी जाळे विणतो, चिंचणी परिसरातील कारागीर दागिन्यांच्या डाय कोरतो, वारली चित्रकार बारीक रेषा काढतो, गृहिणी तांदूळ निवडते. या साऱ्यांना जवळचे स्पष्ट दिसणे आवश्यक असते. आसाममधील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळचा चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले. अक्षरशत्रू वृद्धालाही चष्मा लागतो, हे यावरून सिद्ध होते.

'काचबिंदू' या संज्ञेने वेगळाच घोटाळा केला आहे. प्राचीन वैद्यकात 'काच' ही तिमिर व लिंगनाश यांच्यामधील अवस्था मानली जाई. आधुनिक मराठीत तोच शब्द सर्वस्वी भिन्न विकारासाठी योजला गेला. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस, बहुधा वाढलेल्या दाबामुळे, हळूहळू निकामी होते. कडेची दृष्टी प्रथम जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. नावातील 'बिंदू'मुळे हाही मोतीबिंदूसारखा पिकेल व काढता येईल, असा ग्रह होतो. येथे प्रतीक्षेची किंमत कायमच्या अंधत्वाने मोजावी लागते. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानपरत्वे होणारी झीज यांचेही तसेच आहे. दिसत असतानाच तपासणी करणे हाच त्यांवर उपाय होय. मिठागरे व समुद्र यांच्या सान्निध्यात उन्हात काम करणाऱ्यांत बुबुळावर सरकणारा मांसल पडदाही आढळतो आणि तोही अनेकदा मोतीबिंदू समजला जातो.

आकडेवारीचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. २००१-०२ च्या सर्वेक्षणात देशातील अंधत्वाचे प्रमाण १.१ टक्के, तर २०१५-१९ च्या सर्वेक्षणात ०.३६ टक्के आढळले. दरम्यान २०१७ मध्ये अंधत्वाची व्याख्याच ६/६० ऐवजी ३/६० अशी करण्यात आली. त्यामुळे ही संपूर्ण घट उपचारांचे फळ मानता येत नाही. याच अखेरच्या सर्वेक्षणानुसार पन्नाशीवरील अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६ टक्के होता. तो पूर्णपणे बरा होणारा विकार असूनही पहिल्या स्थानावर राहिला, हे प्रतीक्षेच्या सवयीचे व अंतराच्या प्रश्नाचे एकत्रित द्योतक आहे.

निष्कर्ष

१. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणे ही अंधश्रद्धा नसून कालबाह्य झालेला वैद्यकीय सल्ला आहे. तो देणाऱ्या शास्त्रानेच तो स्पष्ट शब्दांत परत घेतला पाहिजे. वृद्धांना अडाणी ठरवून हे साधणार नाही. 'तेव्हा ते बरोबर होते, आता तंत्र बदलले आहे' असे सांगणे अधिक सत्य व अधिक परिणामकारक ठरेल.

२. शिबिराकडून रुग्णालयाकडे झालेले स्थित्यंतर आवश्यक होते, परंतु त्यात प्रवासाचा भार वृद्धांवर पडला. पालघरसारख्या जिल्ह्यात वाहन, सोबत आणि शस्त्रक्रियेनंतरची फेरतपासणी हे उपचाराचेच भाग मानले पाहिजेत.

३. शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबरच दिलेले चष्मे आणि काचबिंदू व मधुमेहासाठी तपासलेले डोळे हेही यशाचे मोजमाप व्हावे.

परिसरातील महाविद्यालयांना या कार्यात स्थान आहे. त्यांचे विद्यार्थी याच गावांतून येतात आणि त्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वृद्धांच्या नेत्रोपचाराच्या आठवणी नोंदविल्या गेल्या, तर स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन उघडेल. त्या आठवणी सांगणाऱ्यांपैकी कोणी अद्याप मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसले असेल, तर त्यांची भेट नेत्रतज्ज्ञाशी घालून देणे हे त्या नोंदीइतकेच मोलाचे काम होईल.